गलबताचं तेल

गाडी मागं घ्यायची नाही, हा खालांचा पहिला नियम होता. दुसरा नियम असा, की गाडीत बसण्याआधी कुठं उतरायचं ते सांगायचं आणि वाटेत मत बदलायचं नाही. या दोन नियमांनी अख्ख्या श्रीवर्धनाला वैताग आणला होता. सगळ्यांत जास्त वैताग मला, कारण मी त्यांची भाडेकरू होते आणि त्यांच्या गाडीत माझ्याइतकं दुसरं कुणी बसत नसे.

एकदा बोलण्याच्या नादात त्या माझ्या दवाखान्याच्या दारावरून दोन घरं पुढं गेल्या. मी म्हटलं, "खाला, जरा मागं घ्या." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाडी तशीच पुढं नेली. बाजार संपला, सुपारीच्या वाड्या संपल्या, कोळीवाडा आला. जाळी वाळत घालायच्या मोकळ्या जागेत त्यांनी ऐसपैस वळसा घेतला, तिथल्या त्यांच्या जुन्या दोस्ताच्या, नाखव्याच्या, सुनेची खुशाली विचारली, तिच्या टोपलीतले बोंबील हुंगले, नाक मुरडलं आणि मग मला परत दवाखान्यापाशी आणून सोडलं. दारात बाया पोरं काखेला मारून खोळंबल्या होत्या.

"दोन घरांसाठी गावाला प्रदक्षिणा?" मी चिडून म्हटलं.

"मागं बघायला मना फुरसत न्हाय," खाला म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. पेणहून बदलून आले तेव्हा गोवा अजून पोर्तुगिजांकडेच होता आणि श्रीवर्धनला एकट्या बाईला जागा द्यायला कुणी राजी नव्हतं. कुणाला माझी जात नडायची, कुणाला माझ्या रात्रीबेरात्रीच्या बाळंतिणी. खालांनी मला ओटीवर बसवलं, माझे दोन्ही हात पुढं ओढले आणि हुंगले. "आयोडीन," त्या म्हणाल्या. "सकाळी कुणाचा पाय कापला?" खरोखरच सकाळी एका गड्याला कोयता लागला होता. मी तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "खरं बोलतेस. माडीवर राहा." जागा मिळण्याची एवढीच परीक्षा झाली.

नाकावर त्यांचा पूर्ण भरवसा होता. दूध, मासळी, तांदूळ, पाहुणे, सगळं आधी नाकापुढून जायचं. त्यांच्या मते माणसाचे डोळे फसवतात आणि कान तर शेजाऱ्यांच्या ताब्यात असतात. त्या कधी चुकल्या नाहीत असं नाही, पण चूक झाली हे त्यांनी कधी कबूल केलं नाही.

आणि त्यांची ती गाडी! हिरवीगार, लांबरुंद, अमेरिकेत बनलेली. गावातली निम्मी माणसं तिला गलबत म्हणायची आणि उरलेली निम्मी खालांच्या समोर गाडी आणि पाठीमागं गलबत म्हणायची. ती गल्लीत शिरली की ओटीवरची माणसं पाय वर घेत.

ती गाडी आली कशी, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लहानपणीच्या तापात खालांचा डावा पाय गेला होता. लग्न होऊन त्या डोलीतून या घरात आल्या आणि त्यानंतर घर, अंगण, मागची विहीर एवढंच त्यांचं जग झालं. कुठं जायचं तर दोन गडी बोलवायचे, खुर्चीत बसायचं आणि गड्यांच्या मर्जीनं जायचं. त्यांचे यजमान आफ्रिकेत मोंबाशाला मोटारींच्या गॅरेजात होते. तिथं त्यांनी ही गाडी पाहिली. हिला क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काही कामच नाही. गिअर आपोआप पडतात, आणि ते सगळं काम आत तेलाच्या जोरावर चालतं. यजमान कायमचे परत आले तेव्हा बोटीतून ती गाडी बरोबर घेऊन आले. खाला मला ही गोष्ट सांगताना दर वेळी यजमानांचा आवाज काढायच्या: "हिला डावा पाय लागत न्हाय, तुला डावा पाय न्हाय. तुमचं दोघींचं जमंल."

जमलं. ओहोटीच्या वेळी समुद्र आत गेला की श्रीवर्धनची वाळू टणक होते. त्या वाळूवर यजमानांनी त्यांना गाडी शिकवली. धडकायला काही नाही, बघायला फक्त बगळे. पुढं यजमान वारले, पण तोवर खाला म्हसळ्यापर्यंत एकट्या जाऊन आल्या होत्या. मी आले तेव्हा गाडी इतकी चालली होती, की किलोमीटर का मैल जे काय दाखवणारं यंत्र असतं ते कधीच दमून थांबलं होतं.

यजमानांचे धाकटे भाऊ मुंबईला असत. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. भावानं मरताना भाभीची जबाबदारी त्यांच्यावर टाकली होती आणि ते ती मनापासून वाहत होते. फक्त ते खालांबद्दल कपाटाबद्दल बोलावं तसं बोलायचे. भाभीला आत घ्या, भाभीला इथं बसवा, भाभीला आता मुंबईला न्यायला हवं. त्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर होती आणि जिना उभा होता. मी आल्याच्या पहिल्याच वर्षी ओटीवर चार माणसांदेखत त्यांनी सांगून ठेवलं, "गाडी चालते तवर भाभी इथं ऱ्हातील. ती थांबली की मी घेऊन जाणार. मग हट्ट चालायचा न्हाय."

खालांनी ते मान्य केलं. गाडी थांबेल हे त्यांना पटलंच नव्हतं, म्हणून मान्य करायला त्यांचं काही गेलं नाही. मला मात्र तो उभा जिना तेव्हापासून दिसायला लागला. त्या जिन्यानं वर नेलेल्या खाला परत कधी खाली आल्या नसत्या.

दर शुक्रवारी गाडीची तपासणी व्हायची. नाखवा टोपण उघडायचा आणि गिअरचं तेल मोजायची पट्टी काढून द्यायचा. खाला ती पांढऱ्या फडक्यावर पुसायच्या, डाग उजेडात धरायच्या, हुंगायच्या आणि मग त्यातला थेंब जिभेला लावायच्या. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच. "खाला, पोटात जाईल ते!"

"इतकी वर्सं गाडीच्या पोटात हाय. ती मेली काय?"

यजमानांनी त्यांना सांगितलं होतं, की या तेलात देवमाशाची चरबी घालतात, म्हणून ते इतकं गुळगुळीत असतं. ही माहिती खालांनी गावात इतक्या वेळा सांगितली होती, की पोरंटोरंसुद्धा गाडीला देवमाशाची गाडी म्हणत. नवं तेल कोकमाच्या आगळासारखं लाल असतं असंही त्या सांगत. फडक्यावरचा डाग मात्र मी पाहत होते तेव्हापासून उकळलेल्या चहासारखा होता आणि दिवसेंदिवस काळा होत चालला होता. यजमान गेल्यापासून ते तेल कुणी बदललंच नव्हतं.

मग गाडी घसरायला लागली. घसरायला म्हणजे रस्त्यावरून नव्हे. खाला पाय दाबायच्या, इंजिन जोरात ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मग एकदम हिसका देऊन निघायची. चढावर तर पुढच्या आळीतली हातगाडी आम्हाला मागं टाकून गेली. खाला म्हणाल्या, "विचार करतेय ती." पण त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन चहा घेतला नाही. तेव्हा मला कळलं, की त्या घाबरल्या आहेत.

माणगावला हमरस्त्यावर एक मिस्त्री होता. लष्करी गाड्यांवर काम केलेला, बोलण्यात तोरा. त्याच्याकडे गाडी नेली. त्यानं पट्टी काढली, हुंगली, आणि खालांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच जरा आदरानं पाहिलं.

"तेल जळलंय," तो म्हणाला. "पण आता हात लावू नका. मुरलेली गिअरपेटी हाय. नवं तेल घातलं तर आतला समदा मळ सुटंल आन् पेटी जागच्या जागी बसंल. आसं लई झालंय."

"मग काय कराचं?"

"चालतीय तवर चालवाची."

मग त्यानं स्वतः बसून गाडी फिरवून पाहिली. पुढं घेतली तेव्हा तीच रड. मागं घेतली, तर गाडी एका दमात दुकानाच्या पायरीपर्यंत गेली. तो उतरला आणि चकित होऊन म्हणाला, "बाकी समदं झिजलंय, पण रिवर्स कोरा हाय. वापरलाच न्हाय का कधी?"

"न्हाय," खाला अभिमानानं म्हणाल्या.

'चालते तवर' हे शब्द त्यांनी दिरांच्या तोंडून ऐकले होते, तेच आता मिस्त्रीच्या तोंडून ऐकले. परतीच्या वाटेवर म्हसळा गेल्यावर त्या म्हणाल्या, "जां जळलं तां काढाचं. ह्याच्यात विचाराचं काय हाय?" म्हणजे निर्णय झाला होता. त्यांचा एक भाचा जहाजावर होता, त्याच्याकडून तेलाचे डबे मागवायचं ठरलं.

डबे यायच्या आधीच खालांनी तो पराक्रम केला. शुक्रवारी पट्टी काढली तर तेल कमी झालेलं. भाचा अजून एडनला. नाखवा तिथंच उभा होता आणि त्याच्या अंगाला मुशीच्या तेलाचा वास येत होता. मुशी म्हणजे त्या भागातला लहान शार्क. तिच्या काळजाचं तेल काढून कोळी लोक होडीच्या फळ्यांना चोपडतात, म्हणजे लाकूड कुजत नाही. खालांचं नाक हललं. मला त्या नाकाची ओळख होती, म्हणून मी आधीच म्हटलं, "खाला, नको."

"देवमासा काय नि मुशी काय, दोगं एकाच पाण्यातले."

"आमचे बोटीला पन्नास वरसं लावतंव," नाखवा म्हणाला. "कंदी वाईट नाय झाला."

"बोटीला गिअर नसतो, नाखवा," मी म्हटलं. पण मी नर्स. माझं कोण ऐकणार? बाटलीभर मुशीचं तेल आत गेलं.

पहिले दोन दिवस गाडी अशी पळाली, की खाला माझ्याकडे बघून नुसत्या हसायच्या. मग गावातली मांजरं गाडीमागं यायला लागली. मग एके दुपारी म्हसळ्याच्या रस्त्यावर आत ते तेल तापलं, फेसाळलं, उतू गेलं आणि खालच्या गरम नळीवर सांडलं. धूर तर झालाच, पण तो वास! मी कुजलेल्या जखमा धुतल्या आहेत, पण तसा वास मला आयुष्यात दुसरीकडे आला नाही. गाडी थांबली. मागून एसटी आली, तिच्यातल्या बाया पदर नाकाला लावून खिडकीतून डोकावायला लागल्या. एक म्हणाली, "गाडीत काय मेलंय काय?"

खाला सरळ समोर बघत बसून होत्या. एसटी गेल्यावर म्हणाल्या, "मुशी ताजी नव्हती."

मी हसले नाही. उतरून बैल शोधायला गेले. बैल जोडून आम्ही गाडी श्रीवर्धनला आणली, आणि बैलांमागून गाडी येताना सगळ्या गावानं पाहिली. आता ही बातमी मुंबईला जायला वेळ लागणार नव्हता.

सुदैवानं भाचा डबे घेऊन पोचला. आता प्रश्न असा, की काम करायचं कुठं? गाडीखाली माणूस शिरायला खड्डा लागतो, आणि तसा खड्डा थेट माणगावला मिस्त्रीकडे. तो तर हात लावायला तयार नव्हता. इथं नाखवा पुढं आला. मुशीच्या तेलाचं त्याला फार लागलं होतं. तो म्हणाला, "बोटीचा बूड आमी कुठं खरवडतंव? ओहोटीला, पुळणीवर. गाडीचा पन तिथंच करू."

तसंच झालं. समुद्र आत गेल्यावर कोळ्यांनी टणक ओल्या वाळूत लांबट खड्डा खणला, दोन्ही बाजूंना होडीच्या फळ्या टाकल्या, मागून गाडी ढकलली आणि खालांनी ती त्या फळ्यांवर अशी आणली, की चाकं फळ्यांवर आणि खड्डा बरोबर पोटाखाली. नाखवा आणि त्याचा भाऊ खाली शिरले. तेल धरायला भांडं कुठलं, तर माझ्या दवाखान्यातलं एनॅमलचं पातेलं. ते सरकारी होतं आणि त्याचा वास पुढं कधी गेला नाही.

खाली बूच उघडलं आणि काळं तेल पातेल्यात पडायला लागलं. जळकट आणि मासळीचा असा मिळून वास. नाखवा खालून ओरडला, "समदा काढून टाकू खाला. रॉकेल घालून धुवू. चकाचक."

"न्हाय," खाला वरून म्हणाल्या. त्या चालकाच्या जागेवर दार उघडं टाकून बसल्या होत्या. "जां येतंय तेवढंच येऊ दे. बाकीचं ती धरून ठेवतेय, तां ऱ्हाऊ दे."

त्यांच्या स्वयंपाकघरात माडाच्या रसाच्या सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, एक बरणी होती. सासूच्या सासूपासून ती बरणी कधी पूर्ण रिकामी झाली नव्हती. सिरका काढायचा, नवा रस ओतायचा, पण तळचं जुनं तसंच ठेवायचं. सगळं ओतून टाकून बरणी धुतली, की पुढचा सिरका धरत नाही, तो नुसता नासतो. खालांनी गाडीचं तेल त्याच रीतीनं बदलायचं ठरवलं होतं. मिस्त्री सांगतो ते खोटं नाही, एकदम नवं घातलं तर हिला झेपणार नाही. पण जळकं ठेवलं तरी ती मरणार. म्हणून थोडं काढायचं, तेवढंच नवं घालायचं, चालवायचं, मुरू द्यायचं आणि पुन्हा थोडं काढायचं.

"जुनं थोडं ऱ्हायलं की नव्याला वळण लावतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या दवाखान्यात बाळंतिणीला एकदम पुरणपोळी देता काय?"

लाल तेल आत गेलं. ते खरोखर आगळासारखं दिसत होतं. खालांनी गाडी पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेली, मोठा वळसा घेतला, परत आणली. दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला पुन्हा तेच. एकदा बोलण्यात वेळ गेला आणि भरतीचं पाणी खड्ड्यात शिरलं. नाखवा गुडघाभर पाण्यात बूच आवळत होता आणि खाला वरून सांगत होत्या, की घाई करू नको. संध्याकाळी पुळणीवर फिरायला येणारे मास्तर, पोस्टातले बाबू, सगळे ही करमणूक बघायला थांबायचे. खालांना त्याचं काही नव्हतं. त्या दर वेळी फडक्यावर डाग पाडायच्या, हुंगायच्या आणि तो मला दाखवायच्या. काळा डाग तपकिरी झाला, तपकिरी डागाच्या कडेला तांबूस झाक आली. मळ सुटून पेटी बसली नाही. मांजरंसुद्धा कमी झाली.

आणि इथं डबे संपले. भाच्यानं आणले ते पुरले नाहीत. सपाटीवर गाडी आता नीट चालत होती, पण चढावर अजून घसरत होती. दोन-तीन खेपा व्हायला हव्या होत्या. तेवढ्यात निरोप आला, की दीर ईदनंतर येणार होते ते आधीच येताहेत. दिघीला तरीच्या होडीतून उतरतील, बैलगाडी पाठवावी.

"बैलगाडी?" खाला म्हणाल्या. "मी जाणार आणायला."

मी त्यांना विनवलं. दिघीच्या वाटेवर बोर्लीच्या अलीकडे एक उभा चढ आहे, तो या गाडीला झेपणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. जाताना तो उतार असतो, परत येताना चढ. तिथं गाडी थांबली तर दिरांना वेगळं काही बघायची गरजच उरली नसती. खालांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कुठं उतराचं तां सांग आणि बस." मी म्हटलं, "तुम्ही उतराल तिथं." त्या म्हाताऱ्या बाईचा मला कितीही राग येत असला, तरी तिला एकटीला त्या रस्त्यावर पाठवणं माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

दिरांनी धक्क्यावर गाडी पाहिली. मागच्या सीटवर बसले, खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. मी पुढं होते. गाडी सपाटीवर छान चालली. ते म्हणाले, "नर्सबाई, तुमीच सांगा आता भाभींना. बैल जोडून गाडी आणली म्हणं. किती दिवस हे चालाचं?" मी पुढचा रस्ता बघत होते.

चढ आला. निम्म्यावर जायच्या आधीच इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. खालांनी पाय काढला, थांबल्या, पुन्हा दाबला. गाडी चार-सहा हात सरकली आणि पुन्हा तेच. मागून आवाज आला, "बस झालं, भाभी. मी गावातून बैल आणतंय." आवाजात राग नव्हता, उलट सुटल्यासारखं वाटत होतं. मला रडू आलं.

खालांनी गाडी अलगद उताराला लागू दिली आणि पायथ्याशी नेली. तिथं भाताचं रिकामं खळं होतं. तालुक्यातली प्रत्येक वळायची जागा त्यांना पाठ होती. खळ्यात त्यांनी ऐसपैस वळसा घेतला आणि गाडीचं तोंड दिघीकडे, पाठ चढाकडे केली.

"आता परत दिघीला?" दीर म्हणाले.

"तू उतर," खाला म्हणाल्या. "वजन होतंय. नर्सबाई, तू मागं जा. गुडघ्यावर बस आणि मागच्या काचेतून बघून मना सांग. डावीकडं कवा, उजवीकडं कवा."

मी मागं गेले. खालांनी दांडी ओढली. ज्या गिअरला त्यांनी उभ्या आयुष्यात हात लावला नव्हता, तो पडला. गाडीनं एकदाही विचार केला नाही. ती उलटी, पाठ वर करून, तो चढ चढायला लागली.

"जरा डावीकडं. आता सरळ. सरळ. उजवीकडं वळण आहे," मी सांगत होते. मध्येच मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या सुकाणू धरून ताठ बसल्या होत्या आणि त्यांचा लुळा डावा पाय खाली लोंबत होता. कंबर वळवून मागं बघायचं तर माणूस डाव्या पायानं रेटा देतं. खालांना ते जमणारच नव्हतं. मी इतकी शिकलेली नर्स, रोज त्यांना गाडीत चढता-उतरताना बघणारी, आणि मला त्यांच्या 'मागं बघायला फुरसत न्हाय' याचा अर्थ त्या चढावर कळला. मी डावं-उजवं चुकवलं नाही.

आणि समोरच्या काचेतून दीर दिसत होते. दोन्ही पाय धडधाकट असलेला तो माणूस मुंबईच्या बुटांनी, धाप टाकत, गाडीच्या तोंडासमोर चढ चढत होता. मागं बघणं माझ्याकडे सोपवल्यामुळं खालांना दुसरं काही काम नव्हतं. त्या माथा येईपर्यंत सगळा वेळ दिरांकडे बघत होत्या आणि दिरांनाही दुसरीकडे बघता येत नव्हतं.

माथ्यावर वडाखाली मोकळी जागा होती. खालांनी गाडी थांबवली आणि दीर पोचेपर्यंत वाट पाहिली. ते आले तेव्हा घामानं निथळत होते. त्यांनी मागचं दार उघडलं, मी तिथं होते, तर दार लावून पुढं गेले आणि खालांच्या शेजारी बसले. रुमाल हातातच राहिला. खाली खाडी चकाकत होती आणि तरीची होडी परत पलीकडच्या आगरदांड्याला निघाली होती.

"बाकी काय लागतं हिला?" शेवटी दीर म्हणाले.

"तेल. थोडं बदलायचं ऱ्हायलंय."

त्यांनी कपाळ पुसलं. मग मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं तसं, मोठ्या भावाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "भाभी, मी मुंबईहून डबे धाडतंय. किती लागतील?"

"दर साल लागतील," खाला म्हणाल्या, आणि गाडी पुढं घेतली.